टाकीच्या पंपाला व्हीएफडी लावताना
व्हीएफडीने, म्हणजे मोटरला जाणारी फ्रिक्वेन्सी बदलून तिचा स्पीड कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हने, स्पीड २०% कमी केला की पॉवर निम्म्यावर येते असं म्हणतात. गणित बरोबरच आहे, पॉवर स्पीडच्या घनाने पडते आणि ०.८ चा घन म्हणजे ०.५१, पण ते एएचयूचा (एसीची हवा फिरवणाऱ्या युनिटचा) ब्लोअर, कूलिंग टॉवरचा फॅन असल्या ठिकाणी. सोसायटीच्या टाकीवर पाणी चढवणाऱ्या पंपाला तेच गणित लावायला गेलात तर फसाल, कारण तिथे जवळजवळ सगळा हेड (पंपाला पेलावा लागणारा पाण्याचा दाब, मीटरमध्ये) उंचीचाच असतो आणि तो स्पीडबरोबर कमी होत नाही. समजा टाकी ४० मीटरवर आणि पंपाचा शटऑफ हेड (पाणी अजिबात वाहत नसताना पंप देतो तो दाब) पूर्ण स्पीडला, म्हणजे ५० हर्ट्झला, ५० मीटर. पंप देतो तो हेड स्पीडच्या वर्गाने पडतो, म्हणजे ४५ हर्ट्झला उरला साडेचाळीस, पाणी जेमतेम चढणार, आणि ४२ ला पस्तीसच! एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) उघडतच नाही, मोटर फिरतेय, डिस्प्लेवर अँपिअर मस्त कमी दिसतात, सगळे खूश, आणि पंपाच्या केसिंगला हात लावून बघा, आतलं पाणी घुसळून तापलेलं असतं. इथे योग्य हेडचा पंप आणि आयई३ (जास्त कार्यक्षमतेच्या वर्गातली) मोटर घ्या, ड्राइव्हचे पैसे वाचतील. आणि ब्लोअरला ड्राइव्ह लावलाच असेल तर व्ही/एफ कर्व्ह (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती व्होल्टेज द्यायचं ते ठरवणारं सेटिंग) लिनिअरवरून क्वाड्रॅटिकवर टाका, कमी स्पीडला उगाच जास्तीचं व्होल्टेज जात नाही. बरेच जण फॅक्टरी सेटिंगला हातच लावत नाहीत.