मदत हवी आहे: जीपीएल सॉफ्टवेअरमधलं व्याकरण उचललंय, आता प्रोग्रॅम विकता येईल का?

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या टॉवेल कारखानदारांसाठी मी स्टॉक-ऑर्डरचं सॉफ्टवेअर करतो. एकटाच आहे. 'ज्याचा साठा ५० डझनाच्या खाली तो माल दाखव' असं दिवाणजींना स्वतः लिहिता यावं म्हणून त्यात एसक्यूएलसारखी (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) छोटी भाषा बसवली.

घोळ तिथेच झाला. तिचं व्याकरण, म्हणजे कोणतं वाक्य कसं वाचायचं याचे नियम, लिहायचा कंटाळा आला आणि मायएसक्यूएल या डेटाबेसच्या सोर्स कोडमधली पार्सरची (वाक्याची फोड करणाऱ्या भागाची) याक फाइल उघडली; तिच्यात असे नियम लिहिलेले असतात. सिलेक्ट, व्हेअर, ऑर्डर बाय एवढेच नियम घेतले. सी++ कोड काढून टाकला, नियम अँटलर या पार्सर बनवणाऱ्या साधनाच्या पद्धतीने लिहिले. पण नियमांची नावं, फोड, क्रम बहुतेक तसाच राहिला. फाइल जीपीएल २ (प्रोग्रॅम दुसऱ्याला दिला तर सोर्सही द्यायला लावणारा परवाना) खाली आहे हे वरच लिहिलेलं होतं. मी ते न वाचता थेट खाली नियमांकडे गेलो होतो.

आता गिऱ्हाईक मिळालंय आणि सोर्स द्यायचा नाहीये. कॉपीराइट कल्पनेवर नसतो, मांडणीवर असतो, इतकं कळतं. युरोपच्या न्यायालयाने २०१२ मध्ये एसएएस या सॉफ्टवेअर कंपनीच्या खटल्यात प्रोग्रॅमिंगच्या भाषेला प्रोग्रॅमचा कॉपीराइट लागत नाही असं सांगितलं, तेही वाचलं. पण मी नुसती वीण बघून कापड विणलं नाही, दुसऱ्याची जकार्डची कार्डं (मागावर नक्षी ठरवणारी भोकांची कार्डं) समोर ठेवून भोकं पाडली. मित्र म्हणतो, 'बायसनला सूट आहे, बिनधास्त राहा.' बायसन म्हणजे याक फाइलमधून पार्सर बनवणारं साधन. त्याची जीपीएलमधली सूट इथे लागते का?

प्रतिसाद: नाही. बायसन स्वतःचा जो साचा तयार पार्सरमध्ये घालतो, त्यापुरती ती सूट. व्याकरण ज्याचं, परवाना त्याचा. शिवाय तुम्ही अँटलर वापरताय, म्हणजे बायसनचा संबंधच नाही. जीपीएलचा माल विकायला बंदी नाही, पण घेणाऱ्याला सोर्स द्यावा लागतो. तुमचं रूपांतर जीपीएलच्या मालात मोडतं का हे वकीलच सांगेल. तेवढ्या फीमध्ये व्याकरण दोनदा लिहून होईल. नव्याने लिहिताना आधाराला पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसची ग्राम.वाय ही व्याकरणाची फाइल घ्या. परवाना सैल आहे, कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर तेवढा ठेवायचा. अँटलरच्या व्याकरणसंग्रहात जाणार असाल तर प्रत्येक फाइलचा माथा वाचा, सगळ्यांचा परवाना एक नाही.

धागाकर्ता: चाळीसेक नियम आहेत, रविवारी बसतो. सूचना 'अबाउट'च्या खिडकीत टाकली तर चालेल?

प्रतिसाद: परवान्यात 'सर्व प्रतींमध्ये' असं आहे. इन्स्टॉलरसोबत वेगळी टेक्स्ट फाइल द्या. आणि नवे नियम लिहिताना जुनी फाइल बंद ठेवा.