एकाच आयटूसी (दोन तारांवर चिपा जोडायची पद्धत) चिपवर ड्रायव्हर अन् स्क्रिप्ट, पॅच (कोडमधला बदल) बघा ना कोणी

दारव्हेकर: कपाशीच्या वावरात पाय-बोर्ड (लहानसा कॉम्प्युटर) लावला, ओलाव्याची एडीसी चिप (सेन्सरचा सिग्नल आकड्यात बदलणारी) कर्नलमधला ड्रायव्हर वाचते अन् जुनी पायथन स्क्रिप्टबी वाचते, मधातच रीडिंग भलतंच येते. दोस्तानं ड्रायव्हरमधी म्युटेक्स (एका वेळी एकालेच आत सोडणारं कुलूप) टाकून पॅच देल्ला, पास करू का?

वऱ्हाडी_कर्नल: नको ना भाऊ, तो म्युटेक्स ड्रायव्हरपुरताच, स्क्रिप्टले त्याचा पत्ताच नाही. चिपमधल्या रजिस्टरचा (कप्प्याचा) नंबर लिहिणं अन् वाचणं दोन वेगळे कॉल असतील तर मधात दुसरा घुसते अन् नंबर बदलून टाकते. दोन्ही मेसेज एकाच आयटूसी ट्रान्सफरमधी दे, तेवढा वेळ कर्नलचा आयटूसी कोअरच बस (चिपांची सामाईक तार) लॉक ठेवते. स्क्रिप्टमधीबी तसंच, नाहीतर तीच फेकून दे.

मोर्शीवाला: हे वाचणं इंटरप्ट हँडलरमधून (हार्डवेअरनं इशारा देल्ला की चालणारा कोड) कॉल होत असन तर थ्रेडेड हँडलर (वेगळ्या थ्रेडमधी चालणारा) घे, ट्रान्सफर झोपू (वाट पाहत थांबू) शकते अन् साध्या हँडलरमधी झोपणं चालत नाही.

दारव्हेकर: हो ना, तिथूनच कॉल आहे! वापस पाठवतो पॅच.