सायकलची दुरुस्ती स्वतः शिकायची आहे, पण सुरुवात कुठून?

हळूबाई:
मंडळी, माझी गिअरची सायकल आहे. मागे सात चकत्या, ब्रेक रिमवर घासणारे. बारीकसारीक कामासाठी दर वेळी ती दुकानात टाकायचा आता कंटाळा आला. परत आणताना काय केलं विचारलं, तर ‘सेटिंग केलं’ एवढंच उत्तर. हत्यारांची मला सवय नाही. झाकण उघडायला कुठे फिरवायचं हेही आधी आठवावं लागतं. सध्याची तक्रार: मधल्या चकत्यांवर चेन कटकट करते आणि चढावर जोर दिला की सटकते. व्हिडिओ पाहिले, तर प्रत्येकाच्या मागे भिंतभर पाने टांगलेले! हत्यारांची पेटीच घेऊन टाकू का? आणि पहिल्यांदा काय शिकू?

उलटे आटे:
हळूबाई, पेटी नको. त्यातली निम्मी हत्यारं तुमच्या सायकलला लागायचीच नाहीत. ४, ५ आणि ६ मिमीच्या ॲलन की (षटकोनी भोकाच्या बोल्टसाठीच्या वाकड्या किल्ल्या), फुलीचा स्क्रू-ड्रायव्हर, टायर काढायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, पंक्चरचं सामान आणि हवेचा दाब दाखवणारा काटा असलेला उभा पंप, बास. चाकाला नट असतील तर १५ चा पाना. ॲलन कीमध्ये मात्र काटकसर करू नका. कोपरे झिजलेली की बोल्टचं भोक गोल करून ठेवते, मग तो बोल्ट काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

शिकायचं म्हणाल तर मागच्या चाकाचं पंक्चर. पुढचं नव्हे, मागचंच. आणि ते व्हायची वाट बघू नका, निवांत असाल तेव्हा धडधाकट चाक उतरवा. चेन सगळ्यात लहान चकतीवर आणा, ब्रेकची वाकडी नळी आकड्यातून सोडवा, डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा भाग) मागे ओढून धरा, चाक बाहेर येतं. एवढ्यात ब्रेक, गिअर, चेन सगळ्यांशी ओळख होते.

टायर चढवताना शेवटची वीतभर कडा आत जायचं नाव घेत नाही, आणि नवखा माणूस तिथे पट्टी घालून जोर लावतो. ट्यूब चिमटते ती तिथेच. रिमच्या आत मधोमध खोलगट पन्हळ असते. समोरच्या बाजूने दोन्ही हातांनी टायर दाबत, त्याच्या कडा त्या पन्हळीत ढकलत या. टायरची कडा ताणली जात नाही, पण पन्हळीतला घेर लहान असल्यामुळे तिला इकडे ढील मिळते. मग अंगठ्यांनीच बसते. सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून करायची, शेवट व्हॉल्व्हपाशी. ट्यूब घालताना तिच्यात थोडी हवा असू द्या, म्हणजे पीळ पडत नाही.

खरंच पंक्चर असेल तर नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. बोट नको, काच असली तर कापेल. फडकं अडकलं तिथे काटा. पॅच लावताना पॉलिश पेपरने घासा, सोल्यूशन लावा आणि गप्प बसा. ओली चकाकी गेल्यावरच पॅच दाबायचा. पॅच सुटतात ते बहुतेक या घाईपायी.

फडकेवाला:
आटेसाहेब, मागचं चाक पहिल्याच दिवशी? माणूस पळून जाईल! मी म्हणेन चेनपासून सुरू करा. कोरड्या फडक्यात चेन धरून पॅडल उलटं फिरवा, काळं येणं कमी होईपर्यंत. मग प्रत्येक कडीच्या रोलरवर एक-एक थेंब तेल, थोडा वेळ मुरू द्या आणि बाहेरचं सगळं पुसून काढा. तेल आत हवं. बाहेर राहिलं तर ते फक्त धूळ धरतं.

तुमच्या कटकटीबद्दल: स्क्रूंना हात लावण्याआधी चेन मोजा. एका पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य धरा. नव्या चेनची पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. १/८ इंच गेली असेल तर बहुतेक चकत्याही खाल्लेल्या असतात. चेन ठीक निघाली तर मागच्या डिरेलरवर जिथे केबल शिरते तिथला गोल दट्ट्या बघा. मोठ्या चकतीवर चढायला चेन कुरकुरत असेल तर तो उघडायच्या दिशेने पाव फेरी, उतरायला कुरकुरत असेल तर उलट. दर पाव फेरीनंतर पॅडल मारून बघा. ‘एच’ आणि ‘एल’ लिहिलेले स्क्रू सोडून द्या. चेनने दोन टोकांच्या चकत्यांपलीकडे पडू नये म्हणून ते असतात, मधल्या कटकटीशी त्यांचा संबंध नाही.

हळूबाई:
मोजली. पिन चांगलीच पुढे दिसते, १/१६ च्या थोडी पलीकडे. म्हणजे ‘सेटिंग’ करून उपयोगच नव्हता तर! चेन मी बदलू शकेन का? आणि कशाला हात लावू नये तेही सांगून ठेवा.

उलटे आटे:
बदलाल की. सहा, सात, आठ गिअरला एकच चेन चालते. जोडायची कडी सोबत असेल अशीच घ्या. चेन तोडायचं हत्यार तेवढं आता घ्यावं लागेल. जुनी आणि नवी शेजारी ठेवा, पण लांबीवर जाऊ नका, जुनी ताणलेली आहे. कड्या मोजून तोडा.

तूर्त लांब राहा: पॅडलच्या मधला धुरा, हँडलखालचे छर्रे आणि आऱ्यांचा ताण. आणि डावं पॅडल काढायची वेळ आली तर त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने सुटतं. (माझं नाव त्यावरूनच.) चाक काढून बसवलंत की ब्रेकची नळी परत आकड्यात बसवून, दोन्ही ब्रेक दाबून बघितल्याशिवाय सायकलवर बसू नका.

फडकेवाला:
एक राहिलं. नवी चेन जुन्या चकत्यांवर जोर दिल्यावर उडी मारायला लागली, तर चेनला दोष देऊ नका. ज्या चकतीवर उडते तिचे दात झिजलेत, मागचा संच बदलावा लागेल. तो उतरवायला त्याच्याच मापाचं वेगळं हत्यार लागतं, तेव्हा ते एक काम खुशाल दुकानात द्या.

हळूबाई:
चेन आणते. बसवताना अडले तर फोटो टाकेन, रागावू नका.