मदत हवी आहे: सर्व्हायव्हल चाकू दुसऱ्यांदा तुटला

धारकरी: लष्करी धाटणीचा सर्व्हायव्हल चाकू करतोय. पाणी दिलं (तापवून एकदम गार केला), टेंपर केला (पुन्हा बेताने तापवला, ठिसूळपणा जावा म्हणून), कानस घसरत होती, म्हणजे कडक झाला होता. मग वाळक्या ओंडक्यावर ठेवून दांडक्याने ठोकला, तर मटकन तुटला. हा दुसरा. रविवारी द्यायचाय. टेंपरचा आकडा तेवढा सांगा.

भट्टीकर: पोलाद कोणतं? कशात बुडवलंत? तुटला कुठे? की आकडा हवेतून काढू?

धारकरी: १०९५ (जास्त कार्बनचं पोलाद), तेलात. मुठीपाशी तुटला.

खारट: तेल सोडा, मिठाचं पाणी वापरा. मी कायम तेच करतो.

भट्टीकर: आणि तडे किती पात्यांना गेले, तेही सांगा की! १०९५ झटकन गार व्हावं लागतं हे मान्य. पण पातळ पात्याला जलद क्वेंच ऑइल (तापलेलं पोलाद बुडवून गार करायचं तेल) पुरतं. इंजिनाचं जुनं तेल मात्र नको.

खारट: सगळ्या पात्यांना नाही गेले.

रानभैरी: स्टेनलेस घ्या ना, गंजत नाही.

भट्टीकर: गंजाचं कोणी विचारलंय? धारकरी, टेंपर कसा केलात ते राहिलंच.

धारकरी: टॉर्चने, निळा रंग येईपर्यंत. पाचेक मिनिटं.

भट्टीकर: इथेच माशी शिंकली. निळा म्हणजे ३०० अंशांच्या आसपास. साधारण २६० ते ३७० हा पट्टा वाईट: कडकपणा उतरतो आणि वर ठिसूळपणा येतो. ओव्हनमध्ये २०० ते २३० अंश, दोन-दोन तास, दोनदा. ठोकाठोकी करायची तर २३० च्या बाजूला राहा. आजच्या का-बारचं (अमेरिकन लष्करी चाकू) १०९५ क्रो-व्हॅन, म्हणजे १०९५चाच एक प्रकार, तेही ५६-५८ रॉकवेल कडकपणावरच ठेवतात. कानस घसरली म्हणजे वरचा थर कडक, चिवटपणाचं ती काही सांगत नाही. तुटलेलं तोंड कसं दिसतंय?

धारकरी: वाळूसारखं, चमचमतंय.

भट्टीकर: मग पोलादातले कण वाढलेत, तापवलंही जास्त. चुंबक ७७० ला सोडतो, त्याच्या जरा वर, ८०० च्या आसपास थांबायचं.

खारट: मीठ ८०१ ला वितळतं. चिमूटभर पात्यावर टाकून बघा.

भट्टीकर: हे मात्र पटलं.

कानसकाका: शेपटी (मुठीत जाणारा भाग) पात्याला मिळते तो आतला कोपरा काटकोनी ठेवलाय का? ताण तिथेच साचतो. गोल कानशीने वळवा. आणि ठोकण्याआधी धार पितळी सळईवर दाबून बघा: वाकून परत आली तर ठीक, तुकडा उडाला तर ठिसूळ, वाकडीच राहिली तर मऊ.

धारकरी: काटकोनीच आहे. चित्रात तसाच होता.

रानभैरी: अवांतर: म्यान चामड्याचं की प्लास्टिकचं?

धारकरी: ओव्हन बायकोचा आहे. टॉर्चनेच २३० नाही का जमणार?