शब्द हवेत: रायफलचा स्कोप, त्यातली फुली आणि 'मिराज'

धागाकर्ती
नमस्कार मंडळी. मी इंग्लंडात सरेमधे असते आणि बिस्लीच्या रेंजवर एफ-क्लास शूट करते. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाला लेख देते म्हणून बसले, विषयही मीच सुचवला, लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी स्कोप कसा निवडायचा, आणि आता दुसऱ्याच परिच्छेदात अडकलेय कारण प्रत्येक वाक्यात निम्मे शब्द इंग्रजी येतायत.

थोडक्यात खेळ सांगते. ३०० ते १००० यार्डांवरच्या कागदी टार्गेटवर पालथं पडून गोळी मारायची, रायफल पुढून बायपॉडवर (दोन पायांचा स्टँड) नाहीतर रेस्टवर, मागे वाळूची पिशवी, आणि वर दुर्बीण. कॅनडातल्या जॉर्ज 'फार्की' फार्क्वारसन यांनी सुरू केला म्हणून एफ. एक शॉट गेला की टार्गेट खाली खंदकात जातं, तिथली माणसं भोकात चकती अडकवून परत वर पाठवतात, मग कळतं कुठे लागली ते. १००० यार्डांवर सगळ्यात मधलं वर्तुळ, म्हणजे व्ही-बुल, जेमतेम ५ इंचाचं असतं.

शब्द हवेत: स्कोप, रेटिकल (स्कोपमधे दिसणाऱ्या नेमाच्या रेघा), पॅरलॅक्स, मिराज, क्लिक (नेम हलवायच्या नॉबची एक खाच), एमओए, झिरो करणे (ठरलेल्या अंतरावर गोळी नेमावरच लागेल असा स्कोप लावून घेणे), फर्स्ट आणि सेकंड फोकल प्लेन. परिभाषा कोशातले तोंडात न बसणारे नकोत प्लीज, बोलताना लोक वापरतील असे सांगा.

शंकासुर
आधी एक बेसिक शंका. ऑलिंपिकमधे आपल्या स्वप्नील कुसाळेच्या रायफलवर होती ती हीच दुर्बीण का?

धागाकर्ती
नाही नाही, हे लेखात पहिल्यांदाच लिहायला हवं खरं तर. पॅरिसला २०२४ मधे त्याने ५० मीटर थ्री पोझिशनमधे ब्राँझ घेतलं ते बिनदुर्बिणीचं. तिथे मागे बारीक भोकाची चकती असते आणि पुढे एक रिंग, भिंगं लावून टार्गेट मोठं दिसणार नाही असा नियमच आहे. तेजस्विनी सावंत २०१० मधे म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन झाली तीपण तशीच. म्हणजे कोल्हापूरकरांना दुर्बीण लागत नाही, आमच्यासारख्यांना लागते.

रिटायर्ड हवालदार
ताई, झिरो करण्याला आम्ही झिरोच म्हणायचो, पण नेमाला फौजेत शब्द आहे 'शिस्त'. उस्ताद ओरडायचा शिस्त लो. पोझिशन, पकड, शिस्त आणि मग ट्रिगर, एनसीसी केलेल्या पोरांनापण हे पाठ असतं. मराठीतही जुना अर्थ हाच होता, शिस्त धरली आणि बार काढला असं म्हातारी माणसं बोलायची, आता शिस्त म्हटलं की शाळेतली रांगच आठवते लोकांना. शब्द फारसीतून आलाय. आणि नळीच्या टोकावरच्या उंचवट्याला माशी.

जुनी वही
शिस्त सुंदर आहे पण दिवाळी अंकात 'शिस्त कशी धरावी' असा मथळा आला तर पालक कौतुकाने मुलांना वाचून दाखवतील 😀 नेम पुरे. झिरो करणेला 'नेम बसवणे' घ्या, शिवणयंत्रापासून दारापर्यंत सगळं आपण बसवतोच. १०० यार्डांवर नेम बसवला की तिथून पुढचं सगळं मोजायचं, असं सरळ वाक्य होतं.

स्कोपला 'नेमदुर्बीण' वगैरे करू नका. पहिल्यांदा एकदा 'रायफलची दुर्बीण' म्हणा आणि मग बिनधास्त स्कोप. तसंही 'यात काही स्कोप नाही' हे आपण रोज म्हणतो.

पंचांगवाले काका
एमओएसाठी शब्द शोधताय कशाला, घरात टांगलेला आहे. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा विकला. ग्रहांचे राशी-अंश-कला-विकला पंचांगात छापलेले असतात. मिनिट ऑफ अँगल म्हणजे एक कला, दुसरं काही नाही.

धागाकर्ती
काका!! हे मला सुचलंच नसतं. म्हणजे १ कला १०० यार्डांवर १.०४७ इंच, १००० यार्डांवर साधारण साडेदहा इंच. आणि आमच्या स्कोपची एक क्लिक पाव कलेची किंवा एक अष्टमांश कलेची असते.

जुनी वही
एक अष्टमांश काय, अदपाव म्हणा. आजी तूप अदपाव आणायची. पाव कलेची क्लिक आणि अदपाव कलेची क्लिक. क्लिकला क्लिकच राहू द्या, ती ऐकू येते म्हणून तिचं नाव ते आहे.

शंकासुर
पाव आणि अदपावने असा काय फरक पडतो? आणि मग ते मिल म्हणतात ते काय, मी तर गिरणगावचा, मिल म्हटलं की भोंगाच ऐकू येतो.

धागाकर्ती
मिल म्हणजे मिलिरेडियन, १००० मीटरवर १ मीटर, १०० मीटरवर १० सेंटिमीटर, हिशोब दशमानात म्हणून सोपा. स्टील प्लेटांवर वेगवेगळ्या अंतरांवर पटापट मारायच्या मॅचेस असतात तिथले लोक मिलवर जातात. पण त्यांची नेहमीची क्लिक ०.१ मिलची, ती १००० यार्डांवर गोळी ३.६ इंच हलवते. पाव कला २.६ इंच. अदपाव कला १.३ इंच. ५ इंचाच्या व्ही-बुलसाठी यातली कुठली हवी ते तुम्हीच बघा. आमच्याकडे अंतरं यार्डात आणि आधीच माहिती असलेली, म्हणून कला-अदपाव वाले जास्त. उलट ज्याला रोज वेगळं अंतर आहे त्याने अदपाव घेऊ नये, गरागरा फिरवत बसेल आणि कितव्या फेऱ्यात आहोत तेच विसरेल.

मोजणीवाला
मी भूमापनातला, बंदूक हातात धरलेली नाही, पण डंपी लेव्हल आणि थिओडोलाइट या मोजणीच्या दुर्बिणींमधे डोळा घालून आयुष्य गेलं. रेटिकल म्हणजे आमची डायफ्रॅम, त्यातल्या रेघांना आम्ही तारा म्हणतो कारण पूर्वी खरंच कोळ्याचा धागा ताणून बसवायचे. वरची तार, मधली तार, खालची तार. वरच्या आणि खालच्या तारेत, समोर लांब उभ्या धरलेल्या मापाच्या पट्टीवर जेवढं दिसेल त्याला १०० ने गुणलं की अंतर. तुमचं मिलचं गणित त्याच जातीचं दिसतंय.

धागाकर्ती
त्याच जातीचं आहे! फक्त मला 'तारा' वापरायला भीती वाटते, आकाशातला तारा वाटेल. 'फुली' कशी वाटते?

जुनी वही
फुली मस्त. ज्यात नुसती आडवी-उभी रेघ तिला फुली, आणि ज्यात खाली ठिपके-रेघांचं झाड उतरलेलं असतं तिला जाळी. नाहीतरी लॅटिनमधे मूळ अर्थ छोटी जाळीच आहे.

धागाकर्ती
मग फर्स्ट आणि सेकंड फोकल प्लेन माझं मीच केलं बघा: वाढती फुली आणि स्थिर फुली. दुकानात विचारायचा प्रश्न पण तोच होतो, पॉवर (किती पट मोठं दिसतं ते) वाढवली की फुली वाढते का?

वाढत्या फुलीत टार्गेटबरोबर फुलीही मोठी होते, त्यामुळे कुठल्याही पॉवरवर १ मिल म्हणजे १ मिलच. अंतर मोजायचं असेल किंवा नॉब न फिरवता जाळीवरच्या खुणेने वाऱ्याची भरपाई करायची असेल तर हीच हवी. स्थिर फुलीत रेघ तेवढीच बारीक राहते पण खुणांचा हिशोब एकाच पॉवरवर बरोबर येतो, बहुतेक स्कोपमधे सगळ्यात वरच्या. आता गंमत अशी की वाढत्या फुलीतली ०.०५ मिल जाडीची रेघ १००० यार्डांवर १.८ इंच झाकते, म्हणजे व्ही-बुलचा तिसरा हिस्सा रेघेखालीच गेला. म्हणून एफ-क्लासवाले, मीसुद्धा, स्थिर फुली आणि मधे बारीक ठिपका घेतो. हल्ली जो तो यूट्यूब बघून वाढती फुलीच 'प्रो' असं समजून जास्तीचे पैसे घालतो, ते मला पटत नाही.

मोजणीवाला
पॅरलॅक्सला आमच्या ऑफिसात पॅरलॅक्सच म्हणतात, 'पॅरलॅक्स काढला का' हा पहिला प्रश्न. पुस्तकी पराशय, ज्योतिषात लंबन, पण लेखात घालू नका, वाचणारा तिथेच थांबेल. कृती लिहा. आधी आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) फिरवून कोऱ्या आभाळाकडे बघत तारा कुळकुळीत काळ्या करायच्या, मग पट्टीवर फोकस, मग डोकं थोडं वरखाली करायचं. तार पट्टीवर सरकली म्हणजे पॅरलॅक्स आहे. सरकायची थांबली म्हणजे गेला.

धागाकर्ती
शब्दशः हीच कृती स्कोपची! आमच्याकडे डाव्या बाजूला त्यासाठी वेगळा नॉब असतो आणि त्यावर यार्डांचे आकडे कोरलेले असतात, नवीन लोक आकडा बघून १००० वर ठेवतात आणि खूश होतात. आकडा बघायचाच नाही, फुली सरकायची थांबेपर्यंत फिरवायचं. हा नॉब नसलेल्या स्वस्त स्कोपमधे पॅरलॅक्स कारखान्यातच बहुधा १०० यार्डांसाठी ठरवून दिलेला असतो, लांब पल्ल्याला तो स्कोप कितीही पॉवरचा असला तरी उपयोगाचा नाही, कारण गालाची बैठक दरवेळी केसभर तरी बदलतेच.

मोजणीवाले काका, पॅरलॅक्सला मी तुमचं वाक्य जसंच्या तसं घेणार. आता खरा त्रास: मिराज. मी 'मृगजळ' लिहिलंय.

शंकासुर
मी आधी मिरज वाचलं. तंबोरे आठवले.

विदर्भी ऊन
मृगजळ काटा आधी. मृगजळ म्हणजे जे नाहीच ते दिसणं, मृगजळामागे धावणे म्हणजे फसणे. तुमच्या खेळात मिराज फसवतो की सांगतो?

धागाकर्ती
दोन्ही, पण जास्त करून सांगतो. तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते ती स्कोपमधून वाहत्या पाण्यासारखी दिसते. डावीकडून उजवीकडे वाहतेय म्हणजे वारा तिकडे. सरळ उभी उकळतेय म्हणजे आडवा वारा नाही, नाहीतर वारा रेषेतच आहे, थेट तोंडावर किंवा पाठीवर. झेंडे लोळत पडलेले असले तरी हिच्यावरून हलका वारा ओळखता येतो. आणि वाहतेय त्या दिशेला टार्गेटची प्रतिमाही थोडी सरकलेली भासते, उकळत असेल तर वर. तिथे फसवते.

विदर्भी ऊन
मग ते मृगजळ नव्हेच. कारण एक असेल, तापलेली हवा आणि वाकलेला प्रकाश, पण रस्त्यावर दिसतं ते पाणी म्हणजे आभाळाची प्रतिमा, आणि तुमचं ते हवेचं थरथरणं. आमच्याकडे एप्रिल-मे मधे दुपारी रानाकडे पाह्यलं की सगळं लवलवतं, त्याला उन्हाच्या झळा म्हणतात. 'झळा डावीकडून वाहतायत', 'झळा उकळतायत', बोलून बघा, जमतं.

जुनी वही
झळ अंगाला लागते हो, दिसत कुठे.

विदर्भी ऊन
पुण्यात नसेल दिसत.

रिटायर्ड हवालदार
राजस्थानात रेंजवर आम्हाला दिसायच्या. झळाच बरोबर.

धागाकर्ती
झळा फायनल, कारण यावरच माझ्या लेखातला मुख्य मुद्दा उभा आहे. नवीन माणूस दुकानात शिरला की पहिला प्रश्न, पॉवर किती? ५५, ६०, जितकी जास्त तितकी चांगली. पण पॉवर टार्गेटबरोबर झळाही मोठ्या करते. जुलैत इथे बिस्लीला इंपीरियल मीटिंग ही मोठी स्पर्धा असते, ऊन पडलं की दुपारी १००० यार्डांवर ५० पॉवरला रिंगा म्हणजे नुसती हलणारी खीर, २५ वर आणलं की कडा दिसायला लागते. शिवाय उजेडाचं गणित आहेच, पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पॉवर एवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो, ५६ मिलिमीटरच्या भिंगाला ४० पॉवरवर १.४ मिलिमीटर. चित्र अंधारं होतं आणि डोकं जरा हललं की काळं.

म्हणून माझं मत: खालची पॉवर किती ते आधी विचारा. १५-५५ सारखा, म्हणजे १५ ते ५५ पॉवरचा, स्कोप घेतला तर खाली यायला जागा असते. नाइटफोर्सचा १५-५५×५२ आमच्या रेंजवर बराच दिसतो, अदपाव क्लिक, स्थिर फुली, आणि हलका. हलकेपणा लागतो कारण एफ-क्लासच्या एफटीआर या पोटप्रकारात बायपॉड आणि स्कोप धरून रायफल ८.२५ किलोच्या आत बसवावी लागते, ओपन या दुसऱ्या पोटप्रकारात १० किलो.

शंकासुर
आणि नळीची जाडी? ३० मिलिमीटर, ३४ मिलिमीटर असं लिहिलेलं असतं. जाड नळी म्हणजे जास्त उजेड ना?

धागाकर्ती
सगळ्यांना तसंच वाटतं. उजेड पुढच्या भिंगावर आणि काचेच्या दर्जावर. जाड नळीचा फायदा म्हणजे आतल्या भिंगांना वरखाली हलायला जागा जास्त. .३०८ काडतुसाच्या रायफलचा नेम १०० यार्डांवर बसवला असेल तर १००० ला जायला साधारण ३५ ते ४० कला वर चढावं लागतं. एखाद्या स्कोपमधे एकूण ६० कलांची जागा असेल तर मधोमध बसवल्यावर वर ३०च उरतात, म्हणजे गोळी पोचेल पण फुली नाही. त्यावर उपाय २० कलांच्या उताराची पट्टी, स्कोप तिच्यावर पुढे किंचित झुकवून बसवतात की वर ५० होतात. पट्टी स्कोपपेक्षा कितीतरी स्वस्त, पण आधी विचारत कोणी नाही.

रिटायर्ड हवालदार
डोळा आणि काच यातलं अंतरपण लिहा ताई. जवळ घेतला तर धक्क्याने भुवईवर चंद्रकोर उमटते, महिनाभर सगळे विचारतात काय झालं.

धागाकर्ती
लिहिते. साधारण ९ सेंटिमीटर धरतात.

आणि क्लिका खऱ्या आहेत का ते बघायची परीक्षा, इंग्रजीत टॉल टार्गेट टेस्ट. १०० मीटरवर उंच कागद, त्यावर उभी रेघ, स्कोप पक्का धरून १० मिल वर फिरवले तर फुली बरोबर १ मीटर सरकली पाहिजे आणि परत फिरवून मूळ जागी आली पाहिजे. काच थोडी कमी चकचकीत चालेल, क्लिक खोटी असेल तर स्कोप नको.

मोजणीवाला
ती उभी रेघ ओळंबा सोडून मारा, पट्टीने नको. आणि फुली त्या ओळंब्याला लावूनच स्कोप आवळा, वर पाणसळ लावतात का?

धागाकर्ती
लावतात, छोटी बुडबुड्याची, नळीवर चिमट्याने.

मोजणीवाला
मग ती लेखात पाहिजेच. तुमच्याच आकड्यांवर हिशोब केला, ३८ कला म्हणजे १००० यार्डांवर जवळपास ४०० इंच, रायफल १ अंश जरी कलली तरी ७ इंच बाजूला. व्ही-बुल ५ चं. पाणसळ पाणसळच लिहा, गवंड्यांना विचारा हवं तर, शब्द चालू आहे.