मदत हवी आहे: निर्गुडीच्या अर्काला ई. कोलायवर झोन येत नाही, डीपीपीएचचे आकडेही उलटे

नमस्कार. मी पुण्यात एमएस्सी बॉटनीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. निर्गुडीच्या पानांचा अर्क जंतूंवर कितपत चालतो आणि त्याची अँटिऑक्सिडंट क्षमता किती, असा प्रोजेक्ट आहे. दोन ठिकाणी अडले आहे: अर्काभोवती ई. कोलाय या जंतूची वाढ थांबल्याचं वर्तुळ (झोन) दिसत नाही, आणि अँटिऑक्सिडंट क्षमता मोजायच्या डीपीपीएच चाचणीचे आकडे उलटे येतात. मायक्रोबायोलॉजी, फार्मसीतल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

पाला मुळशीकडच्या ओढ्याकाठचा. फुलोऱ्यासकट फांदी कोरेगाव रोडला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात नेऊन ओळख पक्की करून घेतली. नुसत्या गावठी नावावर काम पुढे रेटणं मला पटत नाही. पानं सावलीत वाळवली, दळली, मिथेनॉलमध्ये सॉक्सलेट (गरम द्रावकाने अर्क काढायचं उपकरण) लावलं, रोटरीवर (द्रावक उडवायचं यंत्र) आटवलं. काळपट हिरवा, बोटाला चिकटणारा गोळा मिळाला. तो डीएमएसओ या द्रावकात १०० मिग्रॅ/मिली असा विरघळवला.

मुलर-हिंटन अगार (जंतू वाढवायचं घट्ट माध्यम), त्यात ६ मिमीच्या विहिरी, प्रत्येकीत ५० मायक्रोलिटर. कल्चर पाषाणच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम या जंतूसंग्रहाकडून आणलं, घनता ०.५ मॅकफारलंड (जंतूंच्या द्रावाचा गढूळपणा मोजायचं प्रमाण). ३७ अंशाला रात्रभर ठेवल्यावर स्टॅफ ऑरियसवर १४ मिमीचा झोन, ई. कोलायवर काहीच नाही. नुसत्या डीएमएसओभोवती झोन नाही आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाची डिस्क दोन्हीकडे नीट चालते, म्हणजे प्लेटमध्ये दोष नसावा.

डीपीपीएच हे जांभळं द्रव्य अर्कात मिसळून ३० मिनिटं अंधारात ठेवून ५१७ नॅनोमीटरला वाचते. १०० मायक्रोग्रॅम/मिलीपर्यंत रंग जाण्याची टक्केवारी छान चढते, ४००-५०० ला चक्क उतरते. जांभळा जाऊन पिवळा यायला हवा, तिथे क्युवेटमध्ये (मोजणीच्या छोट्या कुपीत) शेवाळी रंग दिसतो.

आणखी एक. गावाकडे आजी सांधे आखडले की निर्गुडीच्या पाल्याने शेकते. पाला चुरडला की वास नाकात भरतो, अर्काला मात्र तो वास जवळजवळ नाहीच. याचा काही संबंध असेल का? ई. कोलायवर खरंच परिणाम नसेल तर तसंच लिहीन, पण आधी चाचणी नीट झाली आहे याची खात्री हवी.

प्रतिसाद १

तो शेवाळी रंगच तुमचं उत्तर आहे. दाट अर्कातलं हरितद्रव्य आणि गढूळपणा स्वतःच प्रकाश अडवतो. त्यामुळे रीडिंग वाढतं आणि क्षमता कमी झाल्यासारखी दिसते. प्रत्येक तीव्रतेला ‘अर्क अधिक मिथेनॉल, डीपीपीएच नाही’ असा वेगळा ब्लँक ठेवा आणि तो वजा करा. शिवाय ५०० पर्यंत जायची गरजच नाही. आयसी-५० (निम्मा परिणाम देणारी तीव्रता) आलेख चढतो त्या भागातूनच काढतात. शेजारी ॲस्कॉर्बिक ॲसिडचा आलेख हवाच. डीपीपीएच रोज ताजं करा, बाटलीला फॉइल गुंडाळा.

प्रतिसाद २

ताई, वासाचा संबंध नक्कीच असू शकतो. निर्गुडीत उडनशील तेल असतं. वाळवताना, सॉक्सलेटच्या उष्णतेत आणि रोटरीवर त्यातलं बरंच निघून जातं. ताजा पाला क्लेव्हेंजरला (वाफेने तेल काढायचं उपकरण) लावून तेल वेगळं काढा आणि त्याची वेगळी चाचणी घ्या. तरीही ई. कोलाय दाद देईलच असं नाही. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या बाहेरच्या आवरणातून बरीच वनस्पतिज द्रव्यं आत शिरत नाहीत.

झोनच्या मिलिमीटरवर फार विसंबू नका. तुमच्या विहिरीत ५ मिलिग्रॅम कच्चा अर्क आहे, जेंटामायसिनच्या डिस्कवर साधारण १० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्यात तेलकट द्रव्यं अगारमधून पसरतच नाहीत. ९६ विहिरींच्या प्लेटमध्ये एमआयसी (जंतूंची वाढ थांबवणारी किमान तीव्रता) काढा. हिरव्या अर्कात वाढ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून रेझाझुरिन हा रंग घाला: जंतू जिवंत असतील तिथे निळ्याचा गुलाबी होतो. एक सावधगिरी मात्र घ्या. तुमचा अर्क अँटिऑक्सिडंट आहे, तो जंतूंशिवायही रेझाझुरिनचा रंग बदलू शकतो. ‘अर्क अधिक रंग, जंतू नाहीत’ अशी ओळ ठेवलीच पाहिजे.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ती जंतूंशिवायची ओळ माझ्या आराखड्यात नव्हती, आता घालते. क्लेव्हेंजर आमच्या डिपार्टमेंटला आहे. तेल ब्रॉथमध्ये (जंतूंच्या द्रव माध्यमात) मिसळणार नाही, तर ट्वीन-८० (तेल पाण्यात मिसळायला मदत करणारं द्रव्य) घातलं तर चालेल का?

प्रतिसाद २

चालेल, अगदी थोडं घाला. ट्वीनचा वेगळा कंट्रोल ठेवा आणि प्लेटवर झाकण घट्ट बसवा, नाहीतर तेलाची वाफ शेजारच्या विहिरींत जाते.