मदत हवी आहे: मूत्राशयाचं दुखणं कमी झालं, पण गोळ्यांचा त्रास सोसवत नाही

मला इंटरस्टिशियल सिस्टायटिस, म्हणजे मूत्राशयाचं जुनाट दुखणं आहे. चार महिने झाले, रात्री अमिट्रिप्टिलीनची गोळी (मुळात नैराश्यावरची, पण कमी डोसमध्ये जुनाट दुखण्यावरही देतात) घेतेय. आधी १० मिलिग्रॅम, आता २५. गुण आला हे खरं. रात्री लघवीला सहा-सात वेळा उठायचे, आता दोनदा. पण तोंडाला अशी कोरड पडते की सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असते. पाणी प्यावं तर फेऱ्या वाढतात, न प्यावं तर लघवीला जळजळ. इकडे आड, तिकडे विहीर! त्यात बद्धकोष्ठ. पोट साफ झालं नाही की ओटीपोटात कळा सुरू. आणि सकाळी दहापर्यंत डोकं जड. परवा डोळ्यांवरचाच चष्मा घरभर शोधला.

झोपताना घेण्याऐवजी गोळी संध्याकाळीच घेतल्याने कुणाची गुंगी कमी झाली का? कोरडेपणाला घोट घोट पाण्याखेरीज काय करता?

डॉक्टर आता पेंटोसान, म्हणजे याच आजारावरचं दुसरं पोटात घ्यायचं औषध, सुचवताहेत. त्याने केस गळू शकतात, आणि वर्षानुवर्षं घेतल्यास दृष्टिपटलावर परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी डोळे तपासायला सांगितलंय. कुणी घेतलंय का? दुसरा पर्याय मूत्राशयात डीएमएसओ हे द्रव औषध नळीने सोडण्याचा. त्याने श्वासाला लसणासारखा वास येतो म्हणे. वासाचं एक वेळ चालेल, ती नळी (कॅथेटर) घालताना किती दुखतं ते खरं खरं सांगा.

डोस मनाने बदलणार नाहीये. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना भेटायचंय, तेव्हा काय काय विचारू?